टीव्ही कशानं जळला

“हे कापड टीव्ही चालू असताना वर असतं काय?” बाबालाल मिस्त्रींनी विचारलं.

“छे हो,” मी म्हणाले. “चालू करायच्या आधी काढतो की आम्ही. बाजूला ठेवतो.”

इतक्या सफाईनं मी त्याआधी कधी खोटं बोलले नव्हते. एरवी खोटं बोलताना माझे कान लाल व्हायचे आणि आई लगेच ओळखायची. पण आई त्या वेळी शेजारी गेली होती, वडील, म्हणजे आबा, आणि भाऊ अण्णा मागच्या शेडमध्ये यंत्रमागावर होते, वहिनी नळावर होती. घरात मी आणि मिस्त्री दोघंच. सोमवार सकाळचे अकरा-साडेअकरा झाले असतील. मागांच्या खडखडाटात मिस्त्रींना माझं बोलणं ऐकू गेलं की नाही, अशी मला एक खुळी आशा वाटली. पण गेलं होतं.

“मग बरोबर हाय,” ते म्हणाले आणि त्यांनी टीव्हीचं मागचं झाकण काढून फरशीवर ठेवलं. आतून करपल्याचा वास आला. आदल्या संध्याकाळी, अख्ख्या गल्लीसमोर आला होता तोच.

ते कापड माझं होतं, म्हणजे मी विणलेलं. डाळिंबी मखमलीचं कव्हर, त्यावर पांढऱ्या दोऱ्याचं क्रोशाचं काम, पुढे पडद्यासारखा भाग, आणि त्यावर सोंडेला सोंड लावून उभे असलेले दोन हत्ती. अण्णा म्हणायचा, “कुंदे, डुकरं झक्क काढलीयास गं.” त्याच्या बोलण्याकडे कुणी लक्ष देत नसे. पाच महिने मी ते विणत होते. आमच्यात मुलीच्या रुखवतात टीव्हीचं कव्हर असायलाच हवं, अशी त्या एक-दोन वर्षांत नवीनच रीत पडली होती. ज्यांच्या घरी टीव्ही नव्हता त्यांच्या मुलीही टीव्हीचं कव्हर विणत होत्या. आमच्या घरी तर साक्षात टीव्ही होता. वीस इंची, काळा-पांढरा, गल्लीतला दुसरा. मग आईनं ठरवलं की कव्हर पेटीत ठेवायचं नाही, टीव्हीवरच ठेवायचं. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेस पडलं पाहिजे. पुढच्या गुरुवारी मला बघायला सांगलीचे पाहुणे येणार होते, त्यांच्याही पडलं पाहिजे.

टीव्ही लावताना पुढचा पडदा तेवढा उचलून वर टाकायचा, बाकी कापड जागच्या जागी. ते सारखं काढलं-घातलं तर दोरा उसवतो, हे मीच सगळ्यांना बजावलं होतं. म्हणजे टीव्हीच्या पाठीवर आणि डोक्यावर जिथे हवा जायची भोकं असतात, नेमकं तिथे मखमलीचा दुहेरी थर. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, असं म्हणायला मला फार आवडलं असतं. पण मिस्त्रींनी प्रश्न विचारला त्याच क्षणी मला सगळं कळलं. कळलं म्हणूनच मी खोटं बोलले.

मिस्त्रींनी आत बॅटरी मारली. “हे बघा ताई. ह्यो ट्रान्सफॉर्मर. पार करपलाय. टीव्ही आपल्या आपण आतनं तापतोच. ती गरम हवा मागनं, वरनं भाईर जाया पायजे. ती कोंडली तर हे असं होतंय. आता तुम्ही म्हणताय कापड काढतो, मग कोंडायचं काय कारण न्हाई. मग भाईरनं कशाची धग लागतीया का? जवळ काय गरम असतंय का?”

आणि इथे मी दुसरं पाऊल टाकलं. आठ दिवसांपूर्वी वहिनीनं मला जे विचारलं होतं, ते मला अगदी वेळेवर आठवलं.

माझ्या वहिनीचं नाव रत्नप्रभा. लग्न होऊन आमच्याकडे आली त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. आमचं घर म्हणजे एक मोठी लांबट खोली आणि मागे चार मागांची शेड. त्या एका खोलीच्या दाराकडच्या टोकाला आबांची कॉट, मध्ये भिंतीला टीव्ही आणि दुसऱ्या टोकाला वहिनीची भुशाची शेगडी. वखारीतून आणलेला लाकडाचा भुसा ती पत्र्याच्या डब्यात बाटलीभोवती ठासून भरायची, मग बाटली अलगद उपसून काढायची, खालून पेटवायची. धूर असेपर्यंत शेगडी मागच्या दारात, धूर सरला की फडक्यानं धरून आत. मग दोन-अडीच तास ती निवांत जळत राही.

आबांसमोर सुनेनं बसायचं नाही, हा आमच्याकडचा दंडक. दंडक म्हणजे कुणी बोलून दाखवलेला नव्हे, सगळ्यांना आपोआप माहीत असलेला. टीव्ही आल्यावर गल्लीतल्या बायका, पोरं, पाहुणे, कोण कोण आमच्या खोलीत येऊन बसायचे. घरची सून मात्र बसू शकत नव्हती. पण शेगडीपाशी ती भाकरी थापत असायची आणि टीव्ही तिच्या तोंडासमोर यायचा. कामात असलेल्या सुनेला बसली असं कुणी म्हणत नाही. त्यामुळे मालिका लागायच्या वेळेला वहिनीच्या भाकऱ्या बरोबर सुरू व्हायच्या आणि जाहिराती संपेपर्यंत पुरायच्या. एकदा आईच म्हणाली, “एवढ्या भाकरी कुणाला गं?” तर वहिनी पदर तोंडाला लावून हसली. टीव्ही यायच्या आधी तिला हसताना मी फारसं पाहिलं नव्हतं. टीव्हीवर काही विनोद झाला की सगळ्यांत आधी शेगडीकडून हसू यायचं, आणि लगेच दाबलं जायचं.

तर आठ दिवसांपूर्वी ती मला हळूच म्हणाली होती, “वन्सं, काल धूळ पुसताना मागनं हात लागला, तर टीव्ही तव्यासारखा तापल्याला. माझ्या शेगडीची धग लागत असंल का हो?”

“काय की,” मी म्हणाले होते, कारण मी कव्हरावरच्या हत्तीचा उसवलेला दात पुन्हा विणत होते.

आता मिस्त्रींना मी म्हणाले, “धग म्हणजे... शेगडी असते की तिथं.”

मिस्त्रींनी वळून शेगडीकडे पाहिलं. मग पावलं टाकून अंतर मोजलं. चार पावलं भरली. ते डोकं खाजवत उभे राहिले.

“एवढ्या लांबनं?” ते म्हणाले. “एवढ्या लांबनं शेगडीची धग टीव्हीला काय करत न्हाई सहसा. तेलाची वाफ, धूर आत जाऊन बसतो, त्ये येगळं. पर करपायचं म्हंजे...”

“भुशाची आहे,” मी म्हणाले. “दोन्ही वेळा पेटलेली असते. तीन तीन तास.”

“तीन तास?”

“कधी चार.”

ते भले माणूस होते. गिऱ्हाईक खोटं बोलेल, तेही अठरा-एकोणीस वर्षांची घरंदाज पोर, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. “मग असंल बाबा,” ते म्हणाले. “रोजची धग. रोज थोडी थोडी.”

एवढ्यात आई आली. तिच्यामागे शेजारच्या दोघी. जेवायची वेळ झाली म्हणून माग थांबवून आबा आणि अण्णाही अंगावरचा कापूस झटकत आत आले.

“काय म्हणतायत मिस्त्री?” आईनं विचारलं. “कशानं गेला?”

“उष्णतेनं गेलाय वहिनीसाब.”

“कसली उष्णता?”

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. मी शेगडीकडे बघितलं. मग सगळ्यांनीच शेगडीकडे बघितलं. शेगडी बिचारी त्या वेळी विझलेलीच होती.

त्याच वेळी वहिनी कमरेवर कळशी घेऊन मागच्या दारातून आत आली आणि सगळ्यांच्या नजरा आपल्या कोपऱ्याकडे बघून जागीच थांबली.

“रत्ना,” आई म्हणाली, “तुझ्या शेगडीनं टीव्ही जाळला बघ.”

आता ती नाही म्हणेल, असं मला वाटलं. नाही म्हणावं, भांडावं, माझ्या कव्हराकडे बोट दाखवावं, म्हणजे मग मला कबूल करावं लागेल, असंही वाटलं. मला तेवढा धक्का हवा होता. पण वहिनीनं कळशी खाली ठेवली, ओले हात पदराला पुसले आणि म्हणाली, “मला वाटलंच हुतं आत्ती. आठ दिवसामागं मी वन्सन्ला बोललेबी. बोलले का न्हाई वन्सं?”

“बोललीस,” मी म्हणाले. हे मात्र खरं होतं. त्या दिवशी मी बोललेलं तेवढंच एक खरं.

“वाटलं हुतं तर उचलायला काय झालं हुतं शेगडी?” आई कडाडली. “टीव्ही दिसावा म्हणून हितंच मांडून बसायचीस. मला काय कळत न्हाई व्हय?”

शेजारच्या दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. वहिनी कानापर्यंत लाल झाली. तिचं ते भाकऱ्या थापत बघणं सगळ्यांना दिसत होतं, पण कुणी बोलत नव्हतं, आणि कुणी बोलत नव्हतं तोवर ते चालत होतं. आता ते चारचौघांत उघडं पडलं. अण्णानं तोंड उघडलं, पण आबांकडे बघून मिटलं. आबा कॉटवर बसून पायांवरचा कापूस निपटत होते. त्यांनी मान वर न करता एवढंच सांगितलं, “शेगडी मागं न्या.”

वहिनीनं लगेच शेगडी उचलली. गरम नसताना सुद्धा तिनं ती फडक्यानं धरली होती, हे मला अजून दिसतं.

घराच्या मागे, शेडच्या भिंतीला टेकून एक पत्र्याचा आडोसा होता. तिथे मोडके मागाचे भाग, तेलाचे डबे, सुताच्या रिकाम्या कांड्या पडलेल्या असायच्या. ते सगळं बाजूला सारून वहिनीनं शेगडी मांडली. मिस्त्रींनी चार दिवसांत नवा ट्रान्सफॉर्मर आणून बसवला. आणि मी काय केलं, तर कव्हर काढून घेतलं. “पाहुणे येईपर्यंत मळायला नको,” असं आईला सांगितलं. पाहुणे आले तेव्हा टीव्ही बंद ठेवून त्याच्यावर घातलं, गेल्यावर पुन्हा काढलं, ते थेट रुखवतातच ठेवलं.

त्यामुळे झालं असं, की शेगडी बाहेर गेली आणि कव्हर निघालं, दोन्ही एकाच आठवड्यात. टीव्ही ठणठणीत चालायला लागला. नंतर कितीतरी वर्षं त्याला काही झालं नाही. आई येईल त्याला सांगायची, “शेगडी भाईर काढली आन् बघा, एक दिवस तक्रार न्हाई.” याहून मोठा पुरावा तो काय हवा? ऐकणाऱ्या बायकांनीही आपापल्या शेगड्या आणि स्टोव्ह टीव्हीपासून लांब नेले. आमच्या गल्लीत शेगडीनं टीव्ही जळतो हे एक शास्त्रच होऊन बसलं. त्याची कर्ती मी.

वहिनीला आडोशातून टीव्हीचा आवाज यायचा, चित्र दिसायचं नाही. माग चालू असले तर आवाजही यायचा नाही. भाकऱ्या झाल्या तरी आत येऊन ती बसणार कुठे? आबा कॉटवर. कुणी तिला ये म्हणालं नाही, मीही म्हणाले नाही. ती जेवणं वाढायला आत यायची ती टीव्हीकडे पाठ करूनच, आणि त्याच्या अंगावरून जाताना अंग चोरून जायची. आपल्या अंगाला अजून धग आहे की काय, अशी.

मग भांडी घासताना मला विचारायची, “वन्सं, त्या नर्सचं काय झालं हो काल? गेली का सोडून?”

मी सांगायचे. आधी नीट सांगायचे, मग घाईत, मग “काही नाही गं, तेच रडगाणं” असं म्हणून टाळायचे. माणूस ज्याचं नुकसान करतो त्याच्यावरच चिडायला लागतो, हे मी तेव्हा अनुभवलं. ती नळावर गेली की मला बरं वाटायचं.

सांगलीच्या पाहुण्यांनी होकार कळवला. कव्हर बघून दिला असं आई म्हणायची. लग्नाच्या आदल्या दिवशी, हळद लागलेली, मी मागच्या आडोशात गेले. आता सांगून टाकायचं असं ठरवूनच गेले होते. उद्यापासून मी या घरात नाही, आई फार तर आज ओरडेल. वहिनी शेगडी फुंकत बसली होती. पावसानं भुसा दमट झाला होता, धुरानं तिचे डोळे लालबुंद झाले होते. मला बघून ती उठली.

“वन्सं, हितं कशाला आलासा? हळदीच्या अंगाला धूर लागंल.”

“तुला एक सांगायचं होतं.”

“काय?”

ती पदरानं डोळे पुसत माझ्याकडे बघत राहिली. आणि मी तिला आदल्या दिवशीचा मालिकेचा भाग सांगितला. अगदी सविस्तर, पहिल्या प्रसंगापासून. ती मन लावून ऐकत होती. शेवटी म्हणाली, “तुम्ही गेल्यावर मला कोण सांगणार आता?” आणि आम्ही दोघी रडलो. सासरी निघालेली नणंद आणि भावजय रडतायत म्हणून आई पण येऊन रडली.

ही गोष्ट झाली त्याला आता सदतीस वर्षं झाली. आबा गेले, आई गेली, माग मोडीत गेले. अण्णानं जुनं घर पाडून जागेवर दुमजली घर बांधलं. बाबालाल मिस्त्रीही गेले. त्या सोमवारचं खरं काय ते जाणणारी जगात मी एकटी उरले होते, आणि खरं सांगायचं तर मधली बरीच वर्षं मला त्याची आठवणही होत नसे. आठवण व्हायची ती माहेरी आले की.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर चार दिवस राहायला गेले होते. वहिनीची सून केतकी, हुशार पोरगी, कॉलेजात शिकवते. नव्या घरात स्वयंपाकघर आणि हॉल एकच, मधे भिंत नाही. तिला भिंतीवर लावायचा मोठा टीव्ही घ्यायचा होता, नव्हे आणलाच होता, खोक्यात होता. लावणारा माणूस दुपारी येणार होता. तिचं म्हणणं ओट्याच्या समोरच्या भिंतीवर लावू, म्हणजे स्वयंपाक करताना दिसेल.

“नको गं बाई,” वहिनी म्हणाली. “गॅसच्या तोंडासमोर नको. धग लागती.”

“आई, दहा फूट आहे अंतर. मी दुकानात विचारलंय. काही होत नाही.”

“दुकानदाराला काय जातंय? माझ्या हातनं एक जळलाय,” वहिनी म्हणाली. आणि तिनं सगळी हकीकत सांगितली. हसत हसत, स्वतःची टर उडवत, पदर तोंडाला लावून. टीव्ही बघायच्या नादापायी शेगडी हलवली नाही, वाटत असून हलवली नाही, आणि सासऱ्यांचा हौसेचा टीव्ही जाळला. “लई येडी हुते मी,” ती म्हणाली. केतकी हसली. अण्णा पेपरात तोंड घालून हसला. ही गोष्ट त्या घरात अनेकदा सांगून झालेली आहे, हे त्यांच्या हसण्यावरूनच कळत होतं. छत्तीस वर्षं ती बाई स्वतःला येडी म्हणवून लोकांना हसवत होती.

केतकी वर कपडे वाळत घालायला गेली, अण्णा बाहेर पडला. वहिनी मेथीची जुडी सोडून निवडायला बसली. मी तिच्यासमोर बसले आणि या खेपेला कुठलीही मालिका मधे न आणता सगळं सांगितलं. कव्हर. मिस्त्रींचा प्रश्न. मी ‘छे हो’ म्हणाले ते. चार पावलं. तीन तासांचे चार तास. तू मला जे विश्वासानं विचारलंस तेच मी तुझ्यावर ढकललं, तेही.

ती मेथी निवडत ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली, “खोटं बोलताय वन्सं.”

“आता या वयात कशाला खोटं बोलू?”

“माझी कीव आली आसंल मघाशी. पोरं हसली म्हणून.”

“आईची शपथ, वहिनी. शेगडीनं काहीसुद्धा झालं नव्हतं. मिस्त्री म्हणतच होते. माझ्या कव्हरानं झालं. तुझा काही संबंध नव्हता.”

मला वाटलं ती चिडेल. मी चिडण्याची वाटच बघत होते, छत्तीस वर्षं बघत होते म्हणा. तिनं दोन शब्द सुनावले असते तर मी ते आनंदानं घेतले असते. पण तिचे हात थांबले आणि चेहरा एकदम उतरला. काही हरवल्यावर माणूस इकडेतिकडे बघतो तशी ती बघायला लागली.

“मामंजींचं शेवटचं तुम्हाला ठावं न्हाई,” ती म्हणाली. “तुम्ही तवा तिकडं सांगलीला. धाकट्याच्या बाळंतपणात हुता.”

“हो.”

“सहा-सात महिने झोपून हुते. सगळं मीच कराय लागायचं. ते कधी बोलायचे न्हाईत माझ्याशी, तुम्हाला म्हाईतच हाय. हवं-नको ते आत्तींकडनं सांगायचे. लगीन होऊन नऊ वर्षं झाल्ती, त्यांनी मला नावानं हाक मारल्याली न्हवती. एक दिवस संध्याकाळी टीव्ही लागल्याला. मी त्यांचं अंग पुसून मागं चालले शेगडीकडं. तर म्हणाले, रत्ना.” ती मेथीची एक काडी उगाच फिरवत राहिली. “मी भ्यालेच. म्हणाले, शेगडी आत आण. मी म्हटलं, मामंजी, टीव्ही जळंल. तर म्हणाले, जळला तर जळू दे. तू आत बस.”

मला हे कुणीच कधी सांगितलं नव्हतं.

“ह्या घरात मला कुणी काय दिलं आसंल वन्सं, तर ते एवढंच,” ती म्हणाली. “त्यांचा जीव त्या टीव्हीवर. झोपल्या जागी तेवढाच त्यांना आधार. तो त्यांनी माझ्यावरनं ओवाळून टाकला. मी आणली शेगडी आत. ते जाईपर्यंत मी आतच बसले त्यांच्यासमोर. आत्ती बोलल्या लई, पर मी हालले न्हाई. मामंजींनीच सांगितल्यालं.”

“आणि टीव्ही?” माझ्या तोंडून गेलं.

“न्हाई जळला. माझ्या नशिबानं.” मग तिनं माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते, आणि त्यात मला घाबरल्यासारखं काहीतरी दिसलं. “आन् आता तुम्ही म्हणताय शेगडीनं काय हुतच न्हवतं. मग त्यांनी काय दिलं मला?”

खिडकीतून ऊन मेथीवर आलं होतं. छत्तीस वर्षांपूर्वी मी तिची खोलीतली जागा घेतली होती. आता खरं बोलण्याच्या नावाखाली तिच्याकडे उरलेलं एकच वाक्य घ्यायला आले होते. तेही स्वतःला हलकं वाटावं म्हणून.

“तसं नव्हे गं,” मी म्हणाले. “शेगडीनंही होत असणारच की. मिस्त्री शेवटी तेच म्हणाले होते, रोजची धग, रोज थोडी थोडी. कव्हराचं आपलं माझ्या मनानं घेतलेलं.”

“व्हय?”

“हो. ते काय, हवा जायला जागा होती तशी.”

या खेपेला माझे कान लाल झाले. मला ते जाणवत होते, तापलेले. पण तिनं पाहिलं नाही, किंवा पाहून पाहिलं नाही असं केलं. तिनं एक लांब श्वास सोडला, डोळे पुसले आणि मेथी पुढे ओढली.

“तेच म्हणते मी,” ती म्हणाली. “उगा घाबरवलासा मला.”

जिन्यावर पावलं वाजली. केतकी रिकामी बादली घेऊन खाली आली आणि दाराशी बोलून टीव्ही लावणाऱ्या माणसाला आत घेऊन आली, त्याच्या खांद्याला पिशवी आणि हातात ड्रिल.

“आई, मग काय ठरवताय?” केतकी म्हणाली. “यांना भोकं पाडायची आहेत. हे पण म्हणतायत की ओट्यासमोर लावला तरी काही होत नाही.”

“काहीच होत नाही काकू,” तो माणूस म्हणाला. “आत्ताच्या टीव्हीला तर नाहीच, आणि पूर्वीच्यालासुद्धा एवढ्या लांबून होत नव्हतं.”

वहिनीनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती माझ्याकडे बघत होती.

“ह्यांना विचार केतकी,” ती म्हणाली. “आत्या हुत्या की तवा घरात. माझं खोटं वाटतंय तर त्यांना विचार.”

केतकी माझ्याकडे वळली. तो माणूसही थांबून बघायला लागला.

“हो गं,” मी म्हणाले. “शेगडीनंच जळला. माझ्या डोळ्यांदेखत.”